पाकिस्तानातून आलेल्या सिंधी कुटुंबांसाठी धंद्याचा वर्ग काढला आणि तो आपटला. दुसऱ्या तुकडीआधी सल्ला हवा

रामबागची कर्जवाली, इंदूर

नमस्कार मंडळी. मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची १४ कर्ज विभागात. निवृत्तीनंतर घरात बसवेना म्हणून ओळखीच्या एका छोट्या संस्थेत जाऊ लागले. गेल्या वर्षी संस्थेला एका कंपनीकडून थोडे पैसे मिळाले आणि काम माझ्या गळ्यात पडलं. सिंधमधून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर इंदुरात आलेल्या कुटुंबांना धंदा उभा करायला मदत होईल असा कार्यक्रम आखायचा. "ताई, तुम्ही कर्जवाल्या, तुम्हाला काय अवघड!" असं म्हणाले सगळे. मलाही तसंच वाटलं होतं.

पलसीकर कॉलनीच्या बाजूला एका मंदिराच्या वरचा हॉल मिळाला. बारा शनिवार, संध्याकाळी ५ ते ७. बावीस नावं आली. मी आखलेला क्रम असा: धंद्याची कल्पना, बाजाराचा अंदाज, खर्च आणि नफा, हिशेब, जीएसटी, मोबाइलवरून पैसे घेणं, मग प्रत्येकाचा लेखी आराखडा, आणि शेवटच्या शनिवारी सगळ्यांना बँकेत नेऊन मुद्रा कर्जाचे अर्ज. चौथ्या शनिवारी नऊ जण उरले. शेवटी पाच, त्यातले दोन समोशासाठी येत होते असा माझा संशय आहे.

तिसरा शनिवार मी विसरू शकत नाही. फळ्यावर लिहिलं, ८० ला घेतलेला माल १०० ला विकला तर नफा किती? मागच्या रांगेत पन्नाशीचे एक गृहस्थ बसायचे, घोटकी जिल्ह्यातले. तिकडे वीस वर्षं तेल-साखरेचं ठोक दुकान चालवलेले. इथे मेहुण्याच्या दुकानात पगारावर. कधी बोलत नसत. त्या दिवशी हात वर केला आणि अगदी अदबीनं म्हणाले, "अदी (म्हणजे ताई), यात हमाली कुठे धरली? तूट कुठे? आणि उधारीत अडकलेल्या पैशाचं व्याज?" मी हसून सारवासारव केली. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. आम्हाला दुकान भाड्यानं कोण देणार, ते कितव्या शनिवारी आहे? ते कुठल्याच शनिवारी नव्हतं. पुढच्या शनिवारी ते आले नाहीत.

आणखी फजिती ऐका. आम्ही चाळीस पानांची रंगीत पुस्तिका छापली होती, सोप्या हिंदीत. दोन आठवड्यांनी लक्षात आलं की वयस्कर मंडळी ती नुसती उलटून बघताहेत. त्यांची सिंधी अरबी लिपीतली. हिंदी बोललेलं सगळं समजतं, पण देवनागरी येत नाही. तोंडानं कोणी बोललं नाही, पाहुणचाराची रीत! (मी आयुष्यभर लोकांना इंग्रजी फॉर्मवर फुली मारून "इथे सही करा" म्हणत आले, तेव्हा मला कुठे काही वाटलं होतं.)

बायका फक्त तीन. त्यातल्या एकीनं पहिल्या दिवशी बसायला गोधडी आणली, ठिगळांची, रंग असे की नजर हटेना. त्याला त्या रल्ली म्हणतात. मी तिला काय सांगितलं असेल? "पुढच्या वेळी बाजाराचं सर्वेक्षण करून या." ती रल्ली विकायला आहे का, एवढं विचारायचंही मला सुचलं नाही.

आणि शेवट. पाचही मुद्रा अर्ज शाखेतून दहा मिनिटांत परत आले. अर्जदार भारतीय नागरिक हवा. चौदा वर्षं कर्ज विभागात काढलेल्या बाईनं हे आधी तपासलं नव्हतं. त्या पाच जणांपुढे उभं राहताना काय वाटलं ते लिहीत नाही.

आता दुसरी तुकडी काढायची आहे. हातात साधारण दोन लाख उरलेत. कर्ज मिळणारच नसेल तर कार्यक्रमाच्या शेवटी त्यांच्या हातात काय पडावं? जागा कशी मिळवून द्यायची? आणि कंपनीला "किती जणांना प्रशिक्षण दिलं" हा आकडा हवाय, तोही माझ्या डोक्यावर आहेच. धंदा माहीत असलेल्यांनी बोला. "छान उपक्रम" लिहू नका, पाया पडते.

---

जमाखर्च, तिलकनगर

ताई, सीए आहे, त्यामुळे कोरडंच लिहिणार.

मुद्राचं मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडेही दरवर्षी असे दोघं-तिघं येतात. पण चूक फक्त मुद्राची नाही. तुम्ही बावीस माणसांना एक तुकडी समजलात, तिथेच घोळ झाला. त्या हॉलमध्ये कायद्याच्या नजरेनं तीन तऱ्हांची माणसं बसली होती. काहींना नागरिकत्व मिळालेलं, ते बँकेच्या दृष्टीनं तुमच्या-माझ्यासारखे. काही ३१ डिसेंबर २०१४ पूर्वी आलेले. त्यांना २०१९ च्या सुधारित नागरिकत्व कायद्याखाली अर्ज करता येतो, त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. आणि त्यानंतर आलेले, ज्यांना जुनीच लांबची वाट आहे. नाव नोंदवताना "कधी आलात" हा एक प्रश्न विचारला असता तर कोणाला बँकेत न्यायचं आणि कोणाला नाही, ते पहिल्याच दिवशी कळलं असतं.

व्हिसावर असलेल्यांना काहीच करता येत नाही असंही नाही. २०१६ मध्ये केंद्रानं पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याकांना या व्हिसावर बँक खातं, पॅन, आधार, वाहन परवाना आणि स्वतःचा धंदा करायची मुभा दिली. नागरिकत्वाच्या अर्जांचे अधिकार त्याच वर्षी १६ जिल्हाधिकाऱ्यांकडे आले, त्यात इंदूर आहे. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये दिलेल्या मुभेनुसार राहायला एक घर आणि धंद्याला एक जागा विकतही घेता येते. मात्र नागरिक होईपर्यंत ती परवानगीशिवाय विकता येत नाही. खातं एकच, तेही एनआरओ (अनिवासींसाठीचं रुपयांतलं खातं), आणि बँकेला त्याचा तपशील दर तिमाहीला गृहमंत्रालयाकडे पाठवावा लागतो. काउंटरवरचा पोरगा "पाकिस्तानी पासपोर्ट" बघून घाबरतो तो यामुळेच. त्याला नियमाची छापील प्रत दाखवली की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं तुमची जुनी ओळख करेल, बँकेत ३१ वर्षं काढलीत ती कधी कामाला येणार?

तेव्हा पहिले तीन शनिवार वर्ग घेऊच नका. टेबल टाका आणि कागद बघा. पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग एक, व्हिसावर दुसरं, पॅनवर तिसरं, हा प्रकार हमखास सापडेल. परदेशी माणसाच्या आधारची मुदत व्हिसाशी बांधलेली असते, व्हिसाचं नूतनीकरण रखडलं की पुढचं सगळं अडतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, फुकट आहे, तरी एजंट तिचे पैसे घेतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुमचे घोटकीचे गृहस्थ उद्या मेहुण्याच्या जीएसटीवर, मेहुण्याच्या खात्यावर धंदा सुरू करतील. सगळे तसंच करतात. धंदा चालला तर पत मेहुण्याची वाढते, आणि भांडण झालं तर यांच्या हातात चिठोरंही नसतं. उलाढाल चिमूटभर असली तरी पहिल्या दिवसापासून स्वतःच्या पॅनवर प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायला लावा. ज्या दिवशी नागरिकत्वाचा कागद हातात येईल त्या दिवशी मागची तीन विवरणपत्रं तयार असली, तर कुठलीही शाखा नीट बसवून बोलते.

---

साधा माणूस, सुदामानगर

आपल्याच पोरांना नोकऱ्या नाहीत, त्यांचे वर्ग कोण घेणार? बाहेरून आलेल्यांचं कौतुक जास्त झालं.

रामबागची कर्जवाली

आपल्या पोरांसाठी वर्ग घेतले होते दोन वर्षं, त्याच हॉलमध्ये. त्यांनाही मी तोच ८० आणि १०० चा फळा शिकवला, बिचारी उतरवून घेत होती. आणि दादा, आपणही इथे होळकरांच्या मागून आलेलेच की. माझे पणजोबा साताऱ्याकडून आले ते कारकुनी करायला. तुमचे?

साधा माणूस

रत्नागिरी. बरं, चालू द्या.

---

बारदान, सियागंज

आमची किराण्याची पेढी, मी तिसऱ्या पिढीतला. मराठी माणूस सियागंजात काय करतो, हा प्रश्न मला रोज विचारतात, इथे विचारू नका.

आजोबा फाळणीनंतरच्या सिंध्यांची गोष्ट सांगायचे. साखर घेतल्या भावातच विकायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, यांना वेड लागलंय. आजोबांनाही तसंच वाटलं, महिनाभरानं कळलं की रिकामं बारदान विकून जे सुटतं तोच त्यांचा नफा, आणि तेवढ्यात गल्लीतली सगळी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे वळलेली. आता सांगा, त्या माणसांच्या नातवंडांना तुम्ही फळ्यावर नफा शिकवणार?

त्यांना अडतंय ते ओळखीवाचून. आमच्या बाजारात नवा माणूस माल मागायला आला तर आम्ही त्याचं आधार बघत नाही, कोणाच्या ओळखीनं आला ते बघतो. पहिले दोन-तीन महिने रोखीनं. मग आठ दिवसांची मुद्दत, मग पंधरा, मग महिना. वेळेवर पैसे आले की एक दिवस आम्हीच विचारतो, "पाच कट्टे जास्त टाकू का?" हेच आमचं कर्ज. त्याला अर्ज नाही, आराखडा नाही.

थंडीत येणारे तिबेटी स्वेटरवाले बघा. त्यांच्याकडे तारण ठेवायला काय होतं? लुधियानाचे व्यापारी वर्षानुवर्षं त्यांना उधारीवर माल देत आले आणि हंगाम संपला की हिशेब चुकता होतो. शब्दावर चाललंय. एकानं बुडवलं तर सगळ्या तिबेट्यांचं नाव जाईल, म्हणून ते आपापसातच एकमेकांवर लक्ष ठेवतात.

म्हणून माझं म्हणणं, दोन लाख पुस्तिकेत घालू नका. त्यातले पन्नास हजार माझ्यासारख्या एखाद्या पेढीकडे अनामत ठेवा. त्यावर मी चार-पाच जणांना पंधरा दिवसांच्या मुद्दतीनं माल सोडतो. कोणी बुडवलं तर अनामतीतून वळते करून घेईन. नाही बुडवलं तर वर्षानं तुमचे पैसे तुम्हाला परत, आणि तोवर त्यांचं माझ्या वहीत स्वतःच्या नावानं खातं झालेलं असेल. पक्कं बिलही देईन, म्हणजे वरच्या सीए साहेबांचं समाधान होईल.

जागेचं म्हणाल तर अख्खं दुकान शोधूच नका. मालक दोन गोष्टींना भितो, ठाण्यात भाडेकरूची माहिती देताना पाकिस्तान हा शब्द लिहायला, आणि भाडं थकायला. चालू दुकानाचा ओटला किंवा अर्धा काउंटर मागा. मूळ दुकानदाराला भाड्यात हातभार लागतो, तो आनंदानं देतो. ठाण्यातली माहिती मात्र रीतसर द्या, लपवाछपवी अंगाशी येते.

एक तक्रार. शनिवारी संध्याकाळी ५ ला वर्ग? ती तर गल्ला भरायची वेळ! तुमचे बावीस जण पळाले नाहीत ताई, त्यांना मालकानं सोडलंच नाही.

---

क्वीन्समधली माळवी

माहेर लोकमान्यनगर, आता न्यू यॉर्कला २० वर्षं. इथे मी त्या बावीस जणांच्या जागी होते, म्हणून लिहिते.

आल्यावर मी एका संस्थेचा असाच कोर्स केला होता. दहा आठवडे, जाडजूड फाइल, शेवटी प्रमाणपत्र. मला डबे करायचे होते. दहा आठवड्यांत मला कोणीही हे सांगितलं नाही की इथे घरच्या स्वयंपाकघरात शिजवलेलं जेवण विकता येत नाही, परवाना असलेलं स्वयंपाकघर तासाच्या हिशेबानं भाड्यानं घ्यावं लागतं. ते सांगितलं खालच्या मजल्यावरच्या बांगलादेशी बाईनं, जिन्यात. प्रमाणपत्राची फ्रेम केली होती, ती अजून आहे, मागे झुरळं राहतात.

मग ग्रामीण अमेरिकाबद्दल कळलं. बांगलादेशच्या मुहम्मद युनूस यांच्या ग्रामीण बँकेच्या धर्तीवर २००८ मध्ये इथे जॅक्सन हाइट्समध्येच सुरू झालेली, बायकांना छोटी कर्जं देणारी संस्था. तारण नाही, पाच बायकांचा गट हवा, दर आठवड्याला बैठक आणि हप्ता. गटात आम्ही दोन मराठी, दोन बांगलादेशी आणि एक इक्वेडोरची. तिचं इंग्रजी माझ्याहून वाईट, त्यामुळे माझी खूप छान मैत्रीण झाली. त्या बैठकीत शिकवणं जवळजवळ नव्हतंच. पण कोपऱ्यावरचा कोण स्वस्त डबे देतो, कुठला मालक आगाऊ पैसे मागतो, हे सगळं तिथेच कळायचं. आणि फेडलेला प्रत्येक हप्ता पतनोंदणी संस्थेकडे जायचा, त्यामुळे दोन वर्षांनी माझ्या नावाला इथे काहीतरी किंमत आली. बारदान काका वहीतल्या खात्याबद्दल म्हणतात ना, तेच ते.

ताई, बायका तीनच आल्या त्याचं कारण मला इथून दिसतंय. पोरं कुठे ठेवायची? माझ्या गटाच्या बैठकीत पोरं पायात लुडबुडायची आणि कोणी कपाळाला आठी घालत नसे. तुमच्या हॉलमध्ये पोरांसाठी एक सतरंजी टाका आणि दोन कॉलेजच्या मुली बसवा. शंभर पुस्तिकांपेक्षा स्वस्त पडेल.

ती रल्ली अजून कोणी घेतली नसेल तर मला फोटो पाठवायला सांगा. खरंच.

---

विश्वामित्रीकाठ, वडोदरा

अर्नेस्तो सिरोली नावाच्या इटालियन माणसाचा किस्सा या धाग्यावर शोभेल. तरुणपणी तो एका इटालियन संस्थेतर्फे झांबियात गेला होता. झांबेझी नदीकाठच्या सुपीक जमिनीत स्थानिक लोक काही पिकवत नाहीत, म्हणून यांनी त्यांना टोमॅटो लावायला शिकवलं. टोमॅटो असे टरारून आले की विचारू नका. मग एका रात्री नदीतून पाणघोडे आले आणि सगळं फस्त करून गेले. हे हादरले. गावकरी म्हणाले, म्हणूनच आम्ही इथे शेती करत नाही. मग आम्हाला सांगितलं का नाही? तुम्ही विचारलंच नाही.

नंतर १९८५ मध्ये त्यानं पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स या गावी उलटी पद्धत सुरू केली. स्वतः होऊन कोणाला धंदा सुचवायचा नाही, कोणाला चेव आणायचा नाही, जो आपणहून येईल त्याच्याशी चहाच्या टेबलावर बोलायचं. त्याचा एक मुद्दा मला फार पटतो. माल बनवणं, विकणं आणि पैसा सांभाळणं, तिन्ही एकाच माणसाला चांगलं जमत नाही. म्हणून सगळ्यांना सगळं शिकवण्यापेक्षा ज्याला जे येत नाही त्यासाठी जोडीदार शोधून द्यावा. तुमच्या रल्लीवाल्या ताईंना हिशेब शिकवू नका, हिशेब येणारी भाची-पुतणी कुटुंबात असेलच.

अर्थात, "आम्ही काहीच सुचवलं नाही, फक्त ऐकलं" असं तुमच्या कंपनीला अहवालात लिहून दाखवा म्हणजे बघा काय होतं ते. आम्ही इथे एकदा लिहिलं होतं. पुढच्या वर्षी पैसे आले नाहीत.

---

रामबागची कर्जवाली

उशिरा लिहितेय, मधले पंधरा दिवस पलसीकर कॉलनीत होते. पुस्तिका न घेता गेले. वेळ बदलली, गुरुवारी दुपारी २ ते ४, तेव्हा दुकानं सुस्तावलेली असतात.

आधी घोटकीच्या गृहस्थांच्या घरी गेले. माफी मागायला गेले होते, जेवून आले. त्यांना विचारलं, तुम्ही शिकवाल का? ते म्हणाले, मी काय शिकवणार. मग तासभर उधारी वसूल कशी करायची यावर बोलले. गिऱ्हाइकाच्या दुकानात सकाळी पहिली पायरी आपण चढायची नाही, त्याचा बोहनीचा वखत खराब करायचा नाही. संध्याकाळी गर्दी असताना जायचं, काही मागायचं नाही, नुसतं समोर बसायचं. मी ३१ वर्षं वसुलीच्या नोटिसा काढल्या, माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. पुढच्या महिन्यापासून ते सिंधीत बोलतील आणि मी मागच्या रांगेत बसेन.

कागदांचं टेबल दोनदा लावलं. जमाखर्च स्वतः येऊन बसले (इथे ते कोरडे वाटतात, तिथे पोरांना टॉफ्या वाटत होते). अठरा जणांपैकी अकरांच्या नावात फरक निघाला. एका माणसाच्या तीन कागदांवर तीन आडनावं. चार जणांकडे नागरिकत्वाचं प्रमाणपत्र होतं आणि मुद्रासाठी ते पहिल्यापासून पात्र होते, हे मला आणि त्यांना एकाच वेळी कळलं. त्यातले दोघं पहिल्या तुकडीत होते. चौथ्या शनिवारनंतर सुटलेले.

रल्ली क्वीन्सला जातेय. किंमत विचारली तेव्हा त्या बाईनं सांगितलेला आकडा ऐकून मीच म्हटलं, अहो कापडाचेही पैसे सुटणार नाहीत यात. तिची पुतणी बारावीला आहे, कॉमर्स. तिनं लगेच वही काढली. विश्वामित्रीकाठ, तुमचा नेम बरोबर लागला.

कंपनीच्या तक्त्याचं असं केलंय. "प्रशिक्षित" हा रकाना ठेवला, पण शेजारी तीन नवे घातले. किती जणांचं खातं उघडलं, किती जणांना ओटला मिळाला, किती जणांना पेढीवर उधार माल मिळाला. त्यांच्या बाईंचा फोन आला, तिसऱ्या रकान्याचा फोटो कसा काढायचा म्हणून. मी म्हटलं, वहीच्या पानाचा.

बारदान दादा, आता तुमच्याकडे काम. बुधवारी सकाळी अकराला चौघांना घेऊन येऊ का? पन्नास हजार नाहीत माझ्याकडे, टाइपिस्ट आणि हॉलचं भाडं देऊन सध्या तीस निघतात.

बारदान

तीस चालतील. पण अकराला नको, गाड्या खाली होत असतात, तुमच्याकडे बघायला कोणी नसेल. दोनला या. आणि घोटकीवाल्यांना नक्की आणा, त्यांच्याकडून मला एका गिऱ्हाइकाबद्दल विचारायचंय, आठ महिने झाले, पैसे देत नाहीये.